साठ ग्रेन

लहानू आण्णांनी चिमट्यानं औषधं तोलायचं एक ड्रामचं पितळी वजन उचललं आणि पारड्यात सोडलं. दुसऱ्या पारड्यात चांदीचं नाणं होतं. काटा जरा हलला आणि मधोमध थांबला.

"साठ ग्रेन," ते म्हणाले. "बरोबर साठ."

त्यांची सून स्नेहल समोर पुठ्ठ्याचं कार्ड आणि पेन घेऊन बसली होती. तिच्या शाळेत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं आणि सासूबाईंचं नाणं तिला तिथं ठेवायचं होतं. सासूबाई, म्हणजे आण्णांची बायको चंद्रभागा, वारल्याला तीन महिने झाले होते.

"ग्रॅममध्ये सांगा, आण्णा. पोरांना ग्रेन काय कळणार?"

"तीन पूर्णांक एकोणनव्वद." चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर म्हणून काढलेली, असले हिशेब त्यांना तोंडपाठ होते. "पण थांब. लिहू नकोस."

त्यांनी परत मोजलं. परत साठच.

बारा वर्षांपूर्वी याच काट्यावर हेच नाणं साडेसहासष्ट भरलं होतं. तो आकडा ते विसरणं शक्य नव्हतं.

स्नेहल लग्न होऊन घरात आली, त्या दिवशीची गोष्ट. सूनमुख बघताना चंद्रभागेनं सोन्याच्या अंगठीबरोबर हे नाणंही काढलं. तिचे वडील देवळालीहून पलटणीबरोबर महायुद्धाच्या लढाईवर गेले होते. तिकडं ग्रीसमध्ये एका उपाशी म्हातारीला त्यांनी आपल्या वाटणीचा पाव दिला, तिनं हे दिलं. सोबत पलटणीतल्या गोऱ्या साहेबाच्या हातची चिठ्ठी होती. अथेन्सचं नाणं, फार जुनं, एक ड्राम. नाण्यावर घुबड होतं.

"अगं बाई, लग्नघरात घुबड!" आण्णांची थोरली बहीण आक्काबाई म्हणाली. "चंद्रे, तुझ्या बापाला एवढ्या लढाईत दुसरं काही गावलं नाही का?"

बायका हसल्या.

"वन्सं, खरं आहे ते," चंद्रभागा म्हणाली. "यांनाच विचारा ड्राम म्हणजे काय. यांचं तेच काम."

आणि तिनं त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी मोठ्या ऐटीत काटा आणला. ड्राम म्हणजे साठ ग्रेन, त्यांना झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. नाणं साडेसहा ग्रेन जास्त भरलं.

"खोटं आहे," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "म्हातारीनं तुझ्या बापाला गंडवलं."

चंद्रभागेनं नाणं मुठीत घेतलं आणि सुनेच्या हातावर नुसती अंगठी ठेवली.

पंधरा दिवसांनी ती नाणं घेऊन पुन्हा त्यांच्यासमोर उभी राहिली होती. "अहो, आता बघा बरं मोजून."

"खोट्याला काय मोजायचं?" पेपरातून मान वर न काढता ते म्हणाले होते.

स्नेहलनं पर्समधून एक झेरॉक्स काढली. "लायब्ररीतल्या पुस्तकात मात्र वेगळं दिलंय, आण्णा. इंग्रजी औषधांच्या ड्रामचं नाव ग्रीकांवरूनच आलं, पण वजन वेगळं. अथेन्सचा ड्राम चार पूर्णांक एकतीस ग्रॅमचा."

आण्णांनी पेपराच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं भागाकार मांडला. उत्तर आलं तरी ते खाली बघत राहिले.

साडेसहासष्ट.

मग नाणं घेऊन ते खिडकीशी गेले. घुबडाच्या शेपटीखाली कड सपाट होती. तिच्यावर कानशीच्या बारीक रेघा होत्या.

नाण्याच्या डबीत एक पुडी होती. कुंकवाची असेल म्हणून त्यांनी ती सकाळी बाजूला ठेवली होती. आता तिची घडी त्यांनी ओळखली. दवाखान्यात गर्दी असली की चंद्रभागा घरी पुड्या बांधून द्यायची. घडी त्यांनीच शिकवली होती. त्यांनी नाणं परत पारड्यात ठेवलं, पुडी उघडली आणि आतला चांदीचा कीस जपून नाण्याशेजारी ओतला. पारडं खाली गेलं. दुसऱ्या बाजूला ड्रामच्या जोडीला त्यांनी सहा ग्रेन टाकले, मग पाव ग्रेन. काटा थांबला. नाणं घासणाऱ्या सोनारानं जवळजवळ सगळा कीस परत दिला होता.

"हे काय?" स्नेहलनं विचारलं. "आणि मग हे खोटंच ना, साठचं? खोटं असेल तर नको ठेवायला. आई म्हणायच्या, तुझ्या सासऱ्यांचा काटा कधी चुकत नाही."

'हो' म्हटलं असतं तर तिनं पेन पर्समध्ये टाकलं असतं. आण्णांनी चष्मा काढला.

"खरं होतं," ते म्हणाले. "मी चारचौघांत खोटं ठरवलं. म्हणून तिनं ते घासून साठचं करून आणलं. मी बघितलंसुद्धा नाही."

 स्नेहलनं कार्ड बाजूला सारलं, डोक्यावर पदर घेतला आणि त्याचं टोक दोन्ही हातांनी पुढं धरलं.

"द्या," ती म्हणाली. "माझ्या सूनमुखाचं आहे ते."

आण्णांनी नाणं तिच्या पदरात ठेवलं आणि कागदात कीस भरून पुडीची घडी घालायला घेतली. चाळीस वर्षांचा हात, पण घडी बसेना. तिसऱ्यांदा कागद सुटला, तेव्हा त्यांनी पुडी तशीच हातात मिटली.

स्नेहलनं पदर मागं घेतला नाही.

"पुडीपण, आण्णा."