तिसरी तार नसलेला बोर्ड

स्टीलचं झाकण फरशीवर पडलं आणि कितीतरी वेळ गरगरत राहिलं. अकरा दिवसांत या घरात झालेला तो पहिलाच मोठा आवाज. सात वर्षांची सानवी भातुकलीसाठी झाकण शोधत होती. ओट्याखालच्या कप्प्यात, जुन्या डब्यांच्या मागे तिचा हात गेला आणि एका कापडी पिशवीला लागला.

मित्रांनो, त्या पिशवीत मी आहे. चार सॉकेटांचा एक जुना एक्स्टेन्शन बोर्ड. मला इथे लपवून ठेवलं आहे.

माझा जन्म याच घरात, कारेलीबागेत झाला. सानवीचे बाबा अभिजित ऑफिसांत आणि गोदामांत कॅमेऱ्यांचे, इंटरनेटचे लोखंडी रॅक बसवतात. नवीन लग्न झालं तेव्हा ओट्याजवळ एकच सॉकेट होतं. संपदाला मिक्सर लावायचा तर फ्रिज बंद करावा लागे. एका रविवारी अभिजितने कामावरून उरलेली केबल आणली, प्लास्टिकची पेटी आणली आणि तासाभरात मला तयार केलं. केबल दोनच तारांची होती. अर्थिंगची तिसरी, हिरवी तार माझ्यात नव्हतीच. "घरात चालतंय," असं म्हणून त्याने माझा शेवटचा स्क्रू आवळला. माझी चूक तिथेच सुरू झाली, पण तेव्हा मला ती कळली नाही. मला फक्त नवेपणाचा वास येत होता.

पुढची आठ वर्षं मी इमानाने राबलो. माझ्यावर मिक्सर फिरला, इस्त्री तापली. सानवी तान्ही असताना तिची बाटली उकळायची किटली रात्रंदिवस माझ्यावर असे. "हा बोर्ड नसता तर माझं काही खरं नव्हतं," असं संपदा शेजारणीला सांगायची. मला फार बरं वाटायचं.

अभिजित घरात जितका सैल, तितकाच कामावर कडक. एकदा सानवीने विचारलं, "बाबा, हिरवी तार काय काम करते?"

"काहीच नाही. नुसती थांबून असते. रॅकच्या पत्र्यात करंट उतरला, की तो उचलून जमिनीत नेते. माणसाच्या अंगातून जाऊ देत नाही."

"आणि ती नसली तर?"

"तर मी रॅक चालूच करत नाही," तो म्हणाला.

सानवीच्या वाढदिवसाच्या सकाळी मात्र तो चहा न पिताच उठला. बाजव्याच्या एका गोदामातला रॅक त्याच दिवशी चालू करून द्यायचा होता. आत स्क्रूने आवळायची सॉकेटांची पट्टी आलीच नव्हती. रॅकची हिरवी तारही त्या पट्टीलाच जोडायची होती.

"पट्टीची वाट बघत बसलो तर रात्र होईल. तुम्ही केक कापून घ्या," तो म्हणाला.

संपदाने मला मिक्सरमागून ओढलं. "हा ने. पट्टी आली की बदल. पण सहाला घरी ये."

"रॅकमध्ये घरचा बोर्ड चालत नाही गं."

"माझ्या मिक्सरला चालतो आणि तुझ्या त्या लोखंडी कपाटालाच एवढे नखरे?"

तो हसला. सानवीने पिशवीचं तोंड उघडून धरलं आणि संपदाने मला आत ठेवलं. गोदामात ठेकेदार दिग्विजयभाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चालशे, अभिजितभाई, बे दिवसनी तो वात छे!" अभिजित सहाच्या आत घरी पोचला.

त्या दोन दिवसांचे चार महिने झाले. पट्टी आली, पण ती बसवायची तर कॅमेरे बंद करावे लागणार, आणि गोदामवाले रोज "काले", म्हणजे उद्या, असं म्हणत. नवी पट्टी खोक्यातच राहिली. रॅकच्या तळाशी धुळीत पडलेल्या मला कुणी विचारत नव्हतं. माझी केबल पत्र्याच्या एका भोकातून बाहेर जात होती. भोकाला रबरी रिंग नव्हती. पंख्यांनी रॅक थरथरायचा आणि पत्र्याची धार रोज माझी साल थोडी थोडी कापायची. मित्रांनो, मला सगळं कळत होतं. ओरडायला तोंड नव्हतं.

कोमलबेन गोदामात झाडलोट करायच्या. त्यांच्या अंगणात पेरूचं झाड होतं. अभिजितजवळ त्या नेहमी सानवीसाठी दोन पेरू द्यायच्या. "बेबीने जामफळ आपजो," असं बजावून सांगायच्या.

त्या शनिवारी त्यांनी फरशी पुसली आणि मग ओलं फडकं रॅकवरून फिरवलं. माझी उघडी तार पत्र्याला लागली होती. करंटला जायला दुसरी वाट नव्हती.

त्या जागीच गेल्या. हाकसुद्धा मारता आली नाही.

दिग्विजयभाईंचा अभिजितला फोन आला, "साहेब आवे ते पहेलां बदली नाखो." साहेब यायच्या आत मला बदलायचं होतं. अभिजितने धावत येऊन मला काढलं. नवी पट्टी आवळली, भोकाला रबरी रिंग बसवली, हिरवी तार जोडली. वीस मिनिटांचं काम होतं. तपासायला आलेल्या साहेबांना सगळं नियमाप्रमाणे दिसलं. बाईंनी ओल्या हातांनी चालू यंत्र पुसलं, चूक त्यांचीच, असं कागदावर लिहिलं गेलं. त्यांच्या घरच्यांनाही तेच सांगितलं.

त्या रात्री अभिजितने मला ओट्यावर ठेवलं. "कुठेतरी टाकून येतो," तो म्हणाला.

"नको," संपदा म्हणाली. मग मला पिशवीत घालत म्हणाली, "मीच दिला होता रे." ती मला टाकू शकली नाही आणि कुणाला दाखवूही शकली नाही. तिने मला डब्यांमागे सारलं. तेव्हापासून मिक्सर बंद आहे आणि घरात कुणी मोठ्याने बोलत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला उघडून बघा. आत हिरवी तार नसेल, तर त्याला कुणाच्या हातात देऊ नका, एका दिवसासाठीही नको. आणि माझ्यासाठी एवढंच मागतो की मला टाकू नका. त्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवा. माझी कापलेली साल त्यांना दिसू द्या.

झाकण थांबलं आहे. संपदा धावत येऊन दारात उभी राहिली आहे. सानवीने मला पिशवीतून काढून मांडीवर घेतलं आहे, आणि जिथे साल फाटली आहे तिथे ती हलकेच बोट फिरवते आहे.

"आई, चूक कोमलबेनची होती ना? मग तू आपला बोर्ड का लपवलास?"