दोघींचा नांगर

लढाईचं नववं वर्ष. चौथ्या वर्षी फौजेनं गावातले बैल नेले, त्याच्या आधी माणसं नेली होती. आता गावातल्या एका बाईच्या शेतात नांगराचा दोर सुतारीण वहिनीच्या खांद्यावर असे आणि मागे नांगर त्या बाईच्या हातात. दमल्या की दोघी जागा बदलत. वहिनीचा नवरा, गावचा सुतार, सहा वर्षांपूर्वी सीमेवर गेला तो चिठ्ठी होऊनच परतला.

त्या बाईचा नवरा मात्र घरात होता. दोन महिन्यांपूर्वी फौजेतून पळून आला आणि माळ्यावर लपला. हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, वहिनीलाही नाही. दिवसा ती बाहेरून कडी लावून गेली की तो झाडलोट करी, स्वयंपाक करी आणि धुसफुसत राही.

त्या सकाळीही तो म्हणाला, "बाईमाणसानं नांगर धरायचा, आणि मी इथे तांदूळ निवडत बसायचं?"

"मग काय करू? तुम्ही बाहेर पडलात तर दोघंही जाऊ," ती म्हणाली आणि निघाली.

ऊन चढलं तसा बांधावर हवालदार येऊन उभा राहिला, सोबत दोन शिपाई. "तुझा नवरा पळालाय. घर दाखव."

"घरात कुणी नाही," ती म्हणाली आणि घराकडे चालू लागली. वहिनीनं दोर नांगरापासून सोडला आणि तो तसाच खांद्यावर घेऊन मागोमाग आली.

दार उघडलं. आत चूल पेटलेली आणि तिच्यावर भात रटरटत होता. हवालदारानं झाकण उचललं. "कुणी नाही म्हणालीस. मग हा भात काय आपोआप शिजतोय?"

वहिनीनं चुलीकडे पाहिलं, मग क्षणभर तिच्या तोंडाकडे.

"मी ठेवला," वहिनी म्हणाली. "मगाशी पाण्याला आले होते ना, तेव्हा."

"नवऱ्याची शपथ घे."

"कुठल्या नवऱ्याची? त्याची चिठ्ठी तुमच्याच माणसानं आणून दिली मला."

हवालदारानं नजर वळवली, पण तो गेला नाही. शिपायांनी कणगीत हात घातला, गोधड्या उलट्या केल्या. मग तिघांनी भात वाढून घेतला. उभ्या उभ्या खाताना माळ्याच्या फळ्यांतून थोडी माती हवालदाराच्या खांद्यावर पडली.

"उंदीर," वहिनी म्हणाली. "या घरात धान्यापेक्षा तेच जास्त."

एक शिपाई हसला. हवालदारानं खांदा झटकला, ताटली खाली ठेवली आणि जाताना बियाण्याचं पोतं उचलायला लावलं. घरात पेरायला तेवढंच होतं.

त्यांची पावलं वळणापलीकडे विरेपर्यंत दोघी दारातून बघत राहिल्या. मग वहिनी वर बघून म्हणाली, "उतरा भावजी. भात संपला."

तो उतरला, मान खाली घालून. वहिनी त्याला नीट न्याहाळत राहिली. तिचे डोळे भरले, पण आवाज कोरडाच होता. "तुझा परत आला, बाई. माझा नाही आला. मी खोटं बोलले ते फुकट नाही हं."

"काय हवंय, वहिनी?"

"माझ्याकडे अर्धं पोतं बियाणं आहे, पण शेत नाही. इथेच पेरू. जे उगवेल ते अर्धं अर्धं."

"शेत माझ्या नावावर आहे," तो एकदम म्हणाला. "ते मी ठरवीन."

तिनं त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. "ठरलं, वहिनी."

तो काही बोलायला गेला आणि त्याचं लक्ष वहिनीच्या खांद्याकडे गेलं. दोरानं चोळी फाटली होती, खाली कातडी सोललेली. त्यानं पदर बाजूला सारून बायकोचाही खांदा पाहिला. तिथे तोच वळ, जुना, काळा पडलेला. दोन महिने एका छपराखाली राहून त्याला तो दिसला नव्हता.

दुपारभर तो माळ्यावर बसून राहिला. फौजेचा कोट उसवून त्यानं त्याच्या जाड घड्या केल्या, वरून गोणपाट शिवलं. संध्याकाळी दोराला बांधायची गादी बायकोपुढे ठेवली.

"सुई हाताला लागली का?" तिनं विचारलं.

"लागली. सवय नाही ना."

"होईल," ती म्हणाली.

लढाई आणखी दोन वर्षं चालली. पहिल्या सुगीत दोन्ही घरांना मिळून जेमतेम सात पोती आली. साडेतीन वहिनीच्या दारात उतरली.