सातव्या थरातला कोळी

मी एक कोळी बोलतोय. घराच्या कोपऱ्यातला नव्हे, दगडातला. तीस कोटी वर्षांपूर्वी दलदलीच्या काठाने चालताना मी चिखलात रुतलो. चिखलाचा दगड झाला, शेजारच्या झाडांचा कोळसा झाला. माझी जातही संपली.

१९५८ साली जर्मनीतल्या रूर खोऱ्यात, एका खाणगावात, मी पुन्हा उजेड पाहिला. हेडविग कोसलर ही विधवा बाई खाणीबाहेरच्या ढिगाऱ्यावरून शेगडीसाठी कोळसा वेचून आणायची. परसात तिने हातोडीने एक काळी लादी फोडली आणि आत मी दिसलो. तिने मला आपल्या भाडेकरूला दाखवलं. त्याचं नाव श्यामकांत. पुण्याचा, कोलोनच्या विद्यापीठासाठी इथल्या खडकांवर प्रबंध लिहीत होता. भिंगातून त्याने माझे पाय मोजले. आठ. त्याने ते पुन्हा मोजले.

"फ्राऊ कोसलर, तीस कोटी वर्षांपूर्वीचा असा कोळी आजवर कुणी पाहिलेला नाही! मला द्याल?"

"कुठल्या थरातला आहे हा?"

"सातव्या. सध्या तिथलाच माल बाहेर पडतोय."

तिचा चेहरा उतरला. सात वर्षांपूर्वी त्याच थरात आग लागली होती. आग पसरू नये म्हणून बोगदा भिंत घालून बंद केला. तिचा नवरा आन्टोन आतच राहिला.

"मग नाही देणार," ती म्हणाली. "तीस कोटी वर्षांचा कोळी वर येतो, माझा आन्टोन येत नाही. त्याच्या जवळचं एवढंच काय ते आलंय."

श्यामकांतने पुन्हा मागितलं नाही. तिने मला खिडकीत आन्टोनच्या फोटोपाशी ठेवलं. रोज फडक्याने पुसायची. उन्हाने माझे पापुद्रे सुटू लागले. एका सकाळी माझा एक पाय भुकटी होऊन फडक्याला चिकटला. ती खुर्चीत बसून रडत राहिली. मग उठून तिने श्यामकांतचं दार वाजवलं.

"घेऊन जा याला. माझ्याकडे हा टिकायचा नाही. नाव मात्र आन्टोनचं द्या."

"देतो, फ्राऊ कोसलर."

त्याने शब्द पाळला. १९६२ साली त्याचा निबंध छापून आला. माझ्या शास्त्रीय नावातला शेवटचा शब्द होता 'आन्टोनी', म्हणजे 'आन्टोनचा'. तिने त्यावरून सावकाश बोट फिरवलं.

"थडगं नाही त्याला," ती म्हणाली. "निदान हे झालं."

पुढे मला कोलोनच्या संग्रहालयात ठेवून श्यामकांत पुण्याला परतला. ती दरवर्षी संग्रहालयात येऊन माझा खण उघडून घ्यायची आणि नुसती बघत उभी राहायची. १९६६ नंतर ती आली नाही.

आता हा खण क्वचितच उघडतो. माझ्याजवळच्या चिठ्ठीवर जातीचं नाव आहे, गाव आहे, साल आहे. आन्टोन कोण होता, ते लिहायला तिथे जागा नव्हती. म्हणून तुम्हाला सांगितलं. तेवढं लक्षात ठेवा.