धुपाटण्याचं गाव

वीणाने सुईच्या टोकाने काजळीचा पापुद्रा उचलला आणि तिचा हात थांबला. सूक्ष्मदर्शकाखाली, धुपाटण्याच्या तळाशी, काजळीच्या आड भोक बुजवायला दिलेला कथलाचा डाख चमकत होता.

काशाचं ते धुपाटणं ओंजळीत मावेल एवढं होतं. बाहेरून येशूच्या जन्माचे, बाप्तिस्म्याचे प्रसंग उठवलेले. ह्यूस्टनच्या त्या खासगी संग्रहालयात ते एका संग्राहकाच्या मृत्युपत्रातून आलं होतं. सोबतच्या कागदावर एकच ओळ होती: 'आरंभीच्या ख्रिस्ती लोकांचं, बहुधा इजिप्त, उत्खननात सापडलेलं.' ते नेमकं कुठलं, हे शोधायचं काम वीणाकडे आलं. एकोणीस वर्षं ती इथल्या प्रयोगशाळेत होती. वस्तू पुसायच्या, तपासायच्या, आकडे लिहून द्यायचे. दालनातल्या पाट्यांवर नावं दुसऱ्यांची लागत; तिला त्याचं फारसं काही वाटत नसे.

यंत्राने सांगितलं की डाख हल्लीच्या कारखान्यातल्या तारेचा आहे. आणि काजळी त्याच्यावर साचलेली. म्हणजे हे दीड हजार वर्षांचं भांडं मातीतून निघालंच नव्हतं. काल-परवापर्यंत कुणीतरी त्यात ऊद जाळत होतं.

"कुणाच्या तरी चर्चमधून उचललंय रे," घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली.

"यार वीणा, रिपोर्टमध्ये लिही आणि मोकळी हो," राजीव म्हणाला. "लीगल मॅटरमध्ये पडू नकोस."

ती पडली. काठाच्या आतल्या बाजूला सिरियाक या सीरियाकडच्या जुन्या ख्रिस्ती लिपीतली चार अक्षरं कोरलेली होती. वरिष्ठांची परवानगी घेऊन तिने त्यांचा फोटो डेट्रॉइटच्या एका सीरियन पाद्र्यांना पाठवला. त्यांनी तो आपल्या लोकांत फिरवला. अकराव्या दिवशी प्रयोगशाळेत फोन वाजला. एका म्हाताऱ्याचा थकलेला आवाज, तुटकं इंग्रजी.

"माझं नाव हन्ना. त्याच्या तळाला आतून डाख आहे का? अंगठ्याएवढा, एका बाजूला ओघळलेला?"

फोटोत तळ दिसतच नव्हता. वीणा खुर्चीत बसली.

"आहे," ती म्हणाली.

"आमच्या गावात रेडिएटर दुरुस्त करणारा एक जण होता, त्याने दिलेला. निखारा खाली पडायचा. दुसऱ्या दिवशी माझ्या थोरल्याचा बाप्तिस्मा होता, म्हणून घाईत केलं."

हन्ना उत्तर सीरियातल्या एका लहानशा गावचे. चाळीस वर्षं त्यांनी तिथल्या चर्चची झाडलोट केली, दिवे लावले, धुपाटणं पेटवलं. युद्धात बंदूकवाले आले, गाव पळालं. आता ते ह्यूस्टनलगतच्या शुगर लँडजवळ लेकीकडे राहत होते.

लेकीने त्यांना प्रयोगशाळेत आणून सोडलं. वीणाने समोर हातमोजे ठेवले तेव्हा ते गोंधळले. "याला?" त्यांनी विचारलं. मग मुकाट्याने घातले. धुपाटणं उचललं आणि त्यांचा अंगठा न शोधता डाखावर गेला.

वीणाने अहवाल लिहिला. संचालिका डॉक्टर हॉलिस यांनी तो दोनदा वाचला.

"उत्तम काम केलंस. परत द्यायला आमची हरकत नाही, वीणा. पण द्यायचं कुणाला?"

"हन्ना आहेत ना."

हन्नांनी मात्र मान हलवली. "माझं कधीच नव्हतं ते. चर्चचं होतं."

मग चर्चने मागावं, असं संग्रहालयाचे वकील म्हणाले. चर्च सुरुंगाने उडवलेलं. पाद्री मारले गेलेले, नोंदवह्या जळालेल्या. नव्वद घरांचं गाव स्वीडन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जिथे जागा मिळाली तिथे गेलेलं. वीणाने सात महिने पत्रं लिहिली. शेवटी त्या भागाच्या बिशपांचं उत्तर आलं: 'त्या गावी आता आमचं एकही माणूस राहत नाही. तिथे ते ठेवायलाही जागा नाही. आहे तिथे सुरक्षित असेल तर तिथेच राहू द्या.'

पत्रात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं वीणाला वाटलं.

तिच्या अहवालाने एवढंच झालं की कोपऱ्यात ठेवायचं ठरलेलं धुपाटणं मधल्या दालनात आलं. गाव नक्की ठाऊक असलेली अशी वस्तू दुर्मीळ, असं डॉक्टर हॉलिस पाहुण्यांना सांगत. पाटीवर गावाचं नाव अगदी बरोबर होतं. शुद्धलेखन वीणानेच तपासलं होतं.

"यू डिड युअर बेस्ट," राजीव म्हणाला. तिला त्याचा राग आला, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं हेही कळलं.

ते दालन नव्याने मांडून उघडलं त्या आठवड्यात तिने हन्नांना घेऊन जायचं ठरवलं. ते सूट घालून तयार होते. दुपारची वेळ, दालनात तुरळक माणसं. ते काचेपाशी गेले, तशी पहारेकरी बाई हळूच म्हणाली, "सर, प्लीज, दोरीच्या अलीकडे." ते निमूट मागे सरकले.

"पाटी वाचून दाखवू?" वीणाने विचारलं.

"नको. मला गाव माहीत आहे."

त्यांनी हात जोडले नाहीत, गुडघेही टेकले नाहीत. नुसतं हळू आवाजात काही म्हणू लागले. दोन ओळी म्हणायचे आणि थांबायचे. वीणाला वाटलं, वय झालं, विसरत असतील. ते पुन्हा म्हणाले, पुन्हा थांबले, मान किंचित मागे वळवून. तिसऱ्या वेळी तिला उमगलं. ती चर्चमध्ये मागे उभ्या लोकांनी उत्तरादाखल म्हणायची जागा होती.

तिला ते शब्द येत नव्हते. मागे दोन बायका नकाशा उलगडून जिना शोधत होत्या. हन्नांनी नव्वद घरांच्या उत्तराला लागेल तेवढा वेळ जाऊ दिला आणि पुढची ओळ सुरू केली.