गॅलरीतलं बाळ

आमच्या गल्लीच्या तोंडाशी खडीक्रशर सुरू झाला, तेव्हा पिल्लू पोटात होतं. आता ते रांगतं, आणि जिथून रांगत जातं तिथे धुळीत त्याचा पट्टा उमटतो. रोज सकाळ-संध्याकाळ मशीनवर वाफ द्यावी लागते. मास्क दिसला की ते रडायला लागतं, आणि मी कान लावून बसते: हे रागाचं रडणं की दम लागल्याचं?

मी आमदारांच्या कार्यालयात भाषणं आणि पत्रकं लिहिते. अल्पकालीन अधिवेशन लागलं, तेव्हा धीर करून म्हटलं, "साहेब, आमच्या क्रशरचा मुद्दा घ्याल का? बंदच व्हायला हवा तो."

"घेऊ की. पण अधिवेशन एवढंसं. बोलायला मिळेल तेवढ्यात डोळ्यांत भरेल असं काहीतरी पाहिजे. बाळाला घेऊन प्रेक्षक गॅलरीत बस. मी बोलता बोलता वर बघेन, कॅमेरे आपोआप वळतात."

"चालेल, साहेब."

"आणि त्या दिवशी ती वाफबिफ देऊ नकोस. जरा खोकू दे. सभागृहाला ऐकू गेलं पाहिजे."

मी कसनुसं हसले. त्यांनी ते होकारात धरलं.

घरी सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "एक दिवस नाही दिली तर काय आभाळ कोसळणार आहे? क्रशर बंद झाला तर जन्माची सुटका." नवरा बुटाच्या नाड्या बांधत राहिला. "तू ठरव," म्हणाला. आमच्याकडे अवघड ते नेहमी मीच ठरवते.

त्या सकाळी मास्क कपाटात ठेवूनच निघाले होते. दारात पिल्लाच्या बरगड्या आत ओढल्या जाताना दिसल्या, आणि माघारी फिरले. वाफ दिली. पूर्ण दिली.

गॅलरी थंडगार होती. औषधाला धूळ सापडली नसती. पिल्लाने माझ्या खांद्यावर मान टाकली.

खाली साहेबांनी आवाज लावला. "अध्यक्ष महोदय, त्या निष्पाप जिवाकडे बघा! त्याला श्वास घेता येत नाही!"

सगळ्या माना वर वळल्या. पिल्लू ओठांचा चंबू करून गाढ झोपलं होतं. मी त्याला हळूच चिमटा काढला. त्याने फक्त कूस बदलली.

मंत्री उठले. "गॅलरीकडे बोट दाखवायचं नसतं, हे सन्माननीय सदस्यांना ठाऊक आहे. पण दाखवलंच आहे तर सांगतो, अशी झोप मला गेल्या निवडणुकीपासून लागलेली नाही. कुठे आहे ही गल्ली? मी राहायलाच येतो."

दोन्हीकडची बाकं हसून हसून वाजली. क्षणभराने साहेबही हसले. "तपासून पाहू," मंत्री म्हणाले. साहेबांनी आभार मानले आणि पुढचा विषय पुकारला गेला.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. नोकरी गेली, असं समजूनच आत गेले.

"काय फोटो आलाय गं!" साहेब खूश होते. "अधिवेशनातल्या कामगिरीची पुस्तिका काढतोय ना, तिच्या मुखपृष्ठावर हाच. खाली लिही, धुळीचा प्रश्न मार्गी लागला, बाळाला शांत झोप लागली. फुलव जरा, तुझा हात चांगला आहे."

मी फुलवलं.

पुस्तिका घरोघरी गेली. क्रशरच्या मालकाने तर ती गेटवर काचेत लावली. तक्रार घेऊन गेलेल्या बायकांना तो बोटाने दाखवतो, "तुमच्याच गल्लीतलं ना हे? आमदारच म्हणतायत, प्रश्न मिटला." फोटोखालची ओळ कुणी लिहिली, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. माझ्याशी कुणी बोलत नाही. शेजारच्या वहिनी तेवढ्या बोलतात. त्या नुकत्याच बाळंत झाल्यात, त्यांना वाचायला फुरसत कुठली?

क्रशर आता रविवारीही चालतो. पिल्लाची वाफ दोनदाची तीनदा झाली.

पुढचं अधिवेशन जाहीर झालं, आणि मी पुन्हा साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिले.

"साहेब, तो क्रशर..."

"घेऊ की. पण तुझं आता चालायचं नाही. ओळखीचं झालं, आणि वर झोपाळू." साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "गल्लीत दुसरं आहे का एखादं? याहून लहान?"

भिंतीपलीकडचा पाळणा माझ्या डोळ्यांपुढे आला. वहिनींनी त्यावर ओलं फडकं टाकलेलं असतं. मीच सुचवलं होतं त्यांना.

"आहे," मी म्हणाले. "शेजारच्या वहिनींचं."

"खोकतं?"

"अजून नाही."