शेठले पाठवाचा सूर्य

तांड्यात सगळ्याईले वाटते, आमचं दोघांचं डोकं फिरलं. अंधारातच नवरा-बायको मोटरसायकल काढतात, हायवेच्या पुलावर जातात, उगवत्या सूर्याचा फोटो काढतात अन् परत येतात. माझी सासू मानीबाई ओसरीतल्या खाटेवरून रोज इचारते, "कत जारे छो?" कुठी चालले म्हणून. अन् आमी काही बोलाच्या आंधी तीच म्हणते, नवीन लगन झाल्यावानी करून राह्यले! म्हातारीले काय सांगू बाप्पा. इथं दिवसभर वाकून कापूस येचा, संध्याकाळी भाकरी थापा, अन् पाठ टेकवली ना टेकवली तर हे दारात उभे राहून हॉर्न वाजवतात.

हौस नाही ही. माझा नवरा भारत, वीस वर्षं ट्रक चालवला त्याईनं. मागच्या उन्हाळ्यात हैदराबादकडून येताना पहाटे डोया लागला अन् ट्रक रस्ता सोडून वावरात पलटी झाला. बरगड्या मोडल्या. वावर रिकामं होतं म्हणून कोणी मेलं नाही. पांढरकवड्याचे मारोतराव शेठ, ज्याईचा ट्रक होता ते, माणूस वाईट नाही. ते म्हणले, "भारत, सूर्य निघाच्या आंधीची झोप लय बेकार. महिनाभर रोज त्या येळेले रस्त्यावर राह्य, जागा राह्य, अन् सूर्याचा फोटो पाठव मले. मंग गाडी देतो."

झालं. ह्याईनं ते मनावरच घेतलं. दिवाळी झाल्यावर सुरू केलं, थंडी पडली, तरी खंड नाही. फोटो तांड्याच्या ग्रुपवरही टाकाले लागले. लोक अंगठे दाखवतात, हात जोडतात, "वा भारतभाऊ, काय नजारा!" नजारा! माझे पाय थंडीनं लाकडं होतात, ते कोणाले दिसत नाही फोटोत.

"तू कायले येतं मंग?" असं हे मले दोन-तीनदा म्हणले. "घरी झोप ना. येतं अन् रस्ताभर भांडतं."

भांडत होती मी, खरं हाये. पयल्या दिवशी गंमत म्हणून मागं बसली होती. केयापूरचा फाटा मागं गेला, रस्ता सरळ झाला, अन् माझ्या हाताखाली त्याईची पाठ ढिली पडली. आमच्या धाकट्या पोराले, बबलूले मांडीवर घेतलं की तो झोपताना असाच ढिला पडे. माझा जीवच उडाला. मी मोठ्यानं म्हणली, "तुमच्या बहिणीनं लग्नात मले जुनं लुगडं दिलं होतं!" हे एकदम ताठ झाले. "जुनं? दुकानातून आणलेलं होतं ते!" तिथून पुलापर्यंत बहिणीची बाजू घेत राह्यले अन् डोये टक्क उघडे.

मंग रोजचंच झालं. कधी बहीण, कधी ती भाकड निघालेली म्हैस, कधी त्याईच्या आईचं बोलणं. पाठ ढिली झाली की मी काहीतरी उकरून काढे. ते पुलावर पोचत, फोटो काढत अन् छाती फुगवून म्हणत, "पाह्यलं? डोया लागला नाही." मी काय बोलू? त्याईच्या तोंडावर इतक्या महिन्यांनी उजेड आला होता. वाटे, उद्या सांगू. अन् उद्या पुन्हा तसंच.

शुक्रवारी शेठचा फोन आला. सोमवारी गाडीवर ये म्हणले, आदिलाबादचा माल हाये. ह्याईनं रात्री कोंबडी आणली. मी चुलीपाशी बसून रस्सा हालवत राह्यली अन् मले घास गोड लागला नाही. ट्रकमध्ये मागं कोण बसन? त्याईच्या बहिणीले शिव्या कोण देईन?

शनिवारी पहाटे निघालो तवा मीच मेल्यावानी झाली होती. सगळा आठवडा येचणी. म्हशीचा विषय काढला, अर्धा बोलली, अन् त्याईच्या पाठीवर गाल टेकवला तो टेकवलाच.

जाग आली ती खडखडाटानं. गाडी डांबर सोडून मुरुमात गेलेली, समोर किलोमीटरचा दगड. मी किंचाळली, पाठीत दणादण बुक्क्या घातल्या. ब्रेक लागला. पुढचं चाक झुडपात घुसून गाडी थांबली. बाजूनं एक ट्रक भोंगा वाजवत गेला, त्याच्या वाऱ्यानं आमी दोघं हाललो.

"काही नाही," हे म्हणले. "खड्डा चुकवला."

"कोणता खड्डा? दाखवा! चला, मागं जाऊन दाखवा मले!"

रस्ता ताटावानी साफ होता. तिकडं सागाच्या रानावरून सूर्य निघाला, लालभडक, सवयीनं ह्याईनं मोबाइल काढला. माझं टायकंच सरकलं.

"पाठवा! शेठले पाठवा तो, अन् खाली लिहा की बायको मागून भांडते म्हणून हा माणूस जागा राहते! आज बायको झोपली तर दोघं मेलो असतो!"

मोबाइल धरलेला हात तसाच राह्यला. "म्हणजे ते लुगडं..."

"नवंच होतं ते. लय चांगलं होतं."

हे दगडावर बसले. मंग म्हणले, "पुष्पा, मले गाडीशिवाय दुसरं काही येत नाही वं." मीही बाजूले बसली. मले त्याईची कीव आली अन् राग बी आला, दोन्ही संगंच. मी म्हणली, "तुमी जिते पाह्यजे मले. बाकी पाहू."

त्याईनं तिथूनच फोन लावला. "शेठ, मी सोमवारी नाही येत. दुसरा माणूस पाहा." पलीकडून मारोतराव काहीतरी इचारत होते. "झोप येते, शेठ. अजून येते." वीस वर्षांत ह्याईनं हे कोणापुढं कबूल केलं नव्हतं, माझ्यापुढंबी नाही.

चाबी मी घेतली. वावरात चारा आणाले गाडी चालवते मी, हायवेवर कधी नाही. त्याईले मागं बसवलं, माझी शाल दोघांच्या भोवती गुंडाळून पोटावर घट्ट गाठ मारली अन् रस्त्याच्या कडेकडेनं हळू निघाली. थोड्याच येळात डोकं माझ्या खांद्यावर आलं, सगळं वजन पाठीवर.

"काहून बोलत नाही आज?" झोपेतच म्हणले.

"झोपा तुमी," मी म्हणली. मले रडू फुटलं, पण डोये पुसाले हात मोकळा नव्हता.