क्रमांक सात, आत या

दवाखान्यात रुग्णांना हाक मारणारा प्रोग्रॅम जावईबापूंनी पायथॉनमध्ये लिहिला होता. संध्याकाळपर्यंत तो बोलला नाही तर काम हातचं जाणार होतं, आणि त्यांचा लिनक्सवाला संगणक तीन दिवस मूग गिळून बसला होता. आवाजाची लायब्ररी, म्हणजे संगणकाला बोलतं करणारा तयार कोड, त्यांनी अकरा वेळा काढून पुन्हा घातली. स्पीकर तर इतके बदलले, की दुकानदार त्यांना चहा विचारायचा सोडून जेवायलाच वाढू लागला.

त्यात नवं श्रवणयंत्र लावलेले सासरे सारखे दारात येत.

"बोलावलंत?"

"नाही हो मामा. बसा तुम्ही."

चाळिसाव्या खेपेला जावईबापूंनी टेबलावर कपाळ टेकलं. "मामा, तुम्हाला बोलावतं तरी कोण?"

"कानात एक बाई म्हणते, क्रमांक सात, आत या. घरात माणसं सात, मला सगळ्यांत शेवटी विचारतात, म्हणजे सातवा मीच. आलो की तुम्ही हाकलता. गुडघे गेले माझे."

आवाज ब्लूटूथवरून सासऱ्यांच्या यंत्रात जात होता! जावईबापूंनी तो स्पीकरकडे वळवला. बाई खणखणीत बोलली.

सासरे धापा टाकत खुर्चीत बसले. "दवाखान्यात खुर्च्या दाराजवळ ठेवायला सांगा," ते म्हणाले.